उलटा क्रॉस म्हणजे सैतानाचंच चिन्ह का?

पुण्यातल्या एफसी रोडवर एका टी-शर्टवर उलटा क्रॉस पाहून तुम्ही दचकलात आणि उलटा क्रॉस, साप, ६६६ ही सगळी सैतानाचीच चिन्हं का, असं विचारलंत. पण उलटा क्रॉस हे मुळात येशूचा शिष्य, प्रेषित पेत्र याचं चिन्ह. 'प्रभू येशूसारखं मरण्याची माझी लायकी नाही' म्हणून त्याने स्वतःला क्रॉसवर उलटं टांगून घेतलं, अशी जुनी परंपरा आहे. बायबलमध्ये हे थेट नाही. योहानाच्या शुभवर्तमानात (२१:१८) येशू पेत्राला म्हणतो, 'तू हात लांब करशील', एवढाच इशारा. म्हणजे चिन्ह नम्रतेचं. सैतानाशी त्याचं नातं लोकांच्या मनात पक्कं केलं ते मुख्यतः सिनेमे आणि मेटल (कर्कश रॉक संगीत) बँडवाल्यांनी. टी-शर्टवाल्याला यातलं काही ठाऊक असेल असं मात्र वाटत नाही!

सापाची गोष्ट जास्त गमतीची. एदेन बागेत हव्वेला भुलवणारा साप सगळ्यांना आठवतो, पण बायबलच्याच 'गणना' या पुस्तकात (अध्याय २१) देवच मोशे या संदेष्ट्याला पितळेचा साप खांबावर लावायला सांगतो. सर्पदंश झालेला माणूस त्याच्याकडे पाहून वाचायचा. योहान ३:१४ मध्ये येशू स्वतःची तुलना त्याच सापाशी करतो. मोशेनंतर लोक त्या पितळेच्या सापापुढे धूप जाळू लागले, तेव्हा यहूदाच्या हिज्कीया राजाने तो फोडून टाकला.

६६६ मात्र खरंच 'श्वापदाचा', म्हणजे देवाविरुद्ध उठणाऱ्या दुष्ट शक्तीचा, आकडा आहे (बायबलचं शेवटचं पुस्तक प्रकटीकरण, १३:१८). पण हिब्रूत प्रत्येक अक्षराला आकडा असतो, आणि 'नीरो कैसर' हे नाव ग्रीक उच्चाराप्रमाणे ('नेरोन कैसर') हिब्रूत लिहून अक्षरांची बेरीज केली की तेवढीच येते, त्यामुळे बरेच अभ्यासक तो रोमन सम्राटावरचा सांकेतिक टोला मानतात. गाडीला तो नंबर मिळाला तर खुशाल घ्या.