जोसेफसचे 'युदाइओई': यहुदी, ज्यू की ज्युडियन?

प्रश्न थोडक्यात असा आहे की जोसेफसचा, म्हणजे पहिल्या शतकातल्या यहुदी इतिहासकाराचा, एक उतारा मराठीत आणताना जुन्या इंग्रजी आवृत्तीत 'ज्यूज' दिसतं, नव्यात त्याच जागी 'ज्युडियन्स', मग आपण यहुदी लिहायचं, ज्यू लिहायचं, की 'यहुदियावासी' असा काही नवा शब्द पाडायचा?

माझं उत्तर आधी सांगून टाकते, बाकी वाचायला वेळ नसेल तर एवढंच घ्या: लोकांना यहुदी म्हणा, प्रांताला यहुदिया म्हणा, आणि यहुदियावासी वगैरेच्या नादी अजिबात लागू नका. ते भांडण बरंचसं इंग्रजीचं घरगुती भांडण आहे.

आता का ते. जोसेफस लिहितो ग्रीकमध्ये, आणि त्याचा शब्द आहे युदाइओस, अनेकवचन युदाइओई, प्रांताचं नाव युदाइया. ग्रीक वाचणाऱ्याला दोन्ही एकाच मुळातले आहेत हे डोळ्यांनीच दिसतं. इंग्रजीत काय झालं, तर लॅटिनमधला युदेउस जुन्या फ्रेंचमधून येता येता झिजत झिजत नुसता 'ज्यू' उरला, आणि प्रांताचं नाव मात्र लॅटिनमधून जसंच्या तसं 'ज्युडिया' आलं, त्यामुळे तिथल्या वाचकाला ज्यू हा एका धर्माचा माणूस वाटतो आणि ज्युडिया नकाशावरची जागा, आणि दोघांचा संबंध कुणीतरी समजावून सांगावा लागतो. आपल्याकडे यहुदी अरबी-फारसीच्या वाटेने आला आणि यहुदिया बायबलच्या भाषांतरांमधून, तरी नातं शाबूत आहे, शेंबडं पोरही ओळखेल.

विद्वानांमधला वाद पेटला तो स्टीव्ह मेसन यांच्या २००७ च्या एका लांबलचक लेखावरून. मेसन म्हणजे जोसेफसच्या समग्र ग्रंथांच्या नव्या इंग्रजी भाषांतर-भाष्याचे मुख्य संपादक, तेव्हा त्यांचं म्हणणं वाऱ्यावर सोडण्यासारखं नाही. ते म्हणतात की त्या काळी 'धर्म' हा वेगळा कप्पाच नव्हता, इजिप्शियन, सीरियन तसे ज्युडियन, म्हणजे एक लोकसमूह, त्यांचा देश, कायदे, देव, रीतिरिवाज सगळं मिळून एकच गाठोडं. विल्यम व्हिस्टनने १७३७ साली ज्याला 'अँटिक्विटीज ऑफ द ज्यूज' म्हटलं तोच जोसेफसचा आपल्या लोकांच्या इतिहासाचा ग्रंथ म्हणून नव्या मालिकेत 'ज्युडियन अँटिक्विटीज' झाला. उलट बाजूने शे कोहेन १९९९ मध्येच लिहून बसले होते की यहुदियावर राज्य करणाऱ्या हास्मोनी घराण्याच्या काळात, म्हणजे इ.स.पू. दुसऱ्या शतकात, शब्दाचा अर्थ देशावरून आचार-विचाराकडे सरकायला लागला होता. आणि अडेल राइनहार्ट्झ यांनी २०१४ मध्ये सरळ विचारलं की असं करत गेलात तर प्राचीन काळातून ज्यू गायबच नाही का होणार? हा प्रश्न मला फार रास्त वाटतो.

पण या सगळ्यांपेक्षा खुद्द जोसेफसला विचारलेलं बरं ना. 'अँटिक्विटीज'च्या अकराव्या खंडात तो सांगतो की बाबिलोनच्या बंदिवासातून परत आल्या दिवसापासून या लोकांना हे नाव पडलं, यहुदा वंशाचे लोक तिथे आधी आले म्हणून, आणि त्यावरूनच लोकांना आणि देशाला दोघांनाही ते नाव मिळालं. म्हणजे त्याच्या मते नाव मुळात वंशाचं.

आणि तरीही विसाव्या खंडात इझातीसची गोष्ट येते. हा आदियाबीनचा राजा, म्हणजे आजच्या उत्तर इराकमधल्या अर्बिलच्या आसपासचा, यहुदियाशी जन्माचा काडीचा संबंध नाही. तो आणि त्याची आई हेलेना दोघंही यहुदी रिवाजांकडे वळतात. सुंता केल्याशिवाय आपण पक्के युदाइओस होणार नाही असं त्याला वाटतं, आई म्हणते नको रे बाबा, प्रजा परक्या चालीच्या राजाला सहन करणार नाही, आणि हनन्या नावाचा व्यापारी, ज्याने त्याला हे शिकवलं तोही स्वतःच्या जिवाला घाबरून म्हणतो की सुंतेशिवायही देवाची भक्ती होते. मग गालिलातून एलियाझार नावाचा कडक माणूस येतो, बघतो तर राजा मोशेचं नियमशास्त्र वाचत बसलेला, तेव्हा म्हणतो नुसतं वाचून काय उपयोग, त्यात सांगितलंय ते करा की! राजा उठून दुसऱ्या खोलीत जातो, वैद्याला बोलावतो आणि काम उरकून टाकतो. आता इथे 'यहुदियावासी व्हायचं होतं' असं लिहून बघा, हसू येईल. राजा कुठेही राहायला गेला नाही.

शिवाय कराचं प्रकरण. इ.स. ७० मध्ये जेरुसलेमचं मंदिर पडल्यावर रोमन सम्राट व्हेस्पाझियनने जगभरच्या युदाइओईंवर माणशी वर्षाला दोन द्राख्मा कर बसवला, जो पैसा आधी मंदिराला जायचा तो आता रोमच्या कॅपिटोल टेकडीवरच्या ज्युपिटरच्या देवळाला. इजिप्तमधल्या एदफूला या कराच्या पावत्या सापडल्यात, मडक्याच्या खापरांवर शाईने लिहिलेल्या. पुढे त्याचा मुलगा सम्राट डोमिशियनने वसुली इतकी ताणली की भर कोर्टात नव्वदीच्या म्हाताऱ्याची सुंता झालीय का ते तपासलं, आपण पोरवयात हे डोळ्यांनी पाहिलं असं रोमन चरित्रकार सुएटोनियस लिहितो. डोमिशियननंतरच्या सम्राट नेर्वाने ९६ साली नाणं काढलं की या करातली खोटा आळ घेण्याची पद्धत बंद केली. म्हणजे 'युदाइओस कोण' हा प्रश्न अभ्यासकांच्या आधी वसुली करणाऱ्यांना पडला होता, आणि पत्ता बघून तो सुटत नव्हता.

आपल्याकडचं उदाहरण द्यायचं तर कोकणस्थ घ्या. सहा पिढ्या इंदुरात काढलेलं घर, समुद्र फक्त सहलीत पाहिलेला, तरी कोकणस्थच, आणि कुणी त्याचं 'कोकणात राहणारा' असं भाषांतर करत नाही. फरक एवढाच की इझातीससारखं ठरवून कुणाला कोकणस्थ होता येत नाही, त्यामुळे उदाहरण इथपर्यंतच ताणा.

मेसन यांचं म्हणणं जिथे खरंच पाळायला हवं ती जागा म्हणजे 'यहुदी धर्म'. 'युदाइस्मॉस', म्हणजे इंग्रजीतला 'ज्युडाइझम', हा शब्द दुसऱ्या मक्काबी ग्रंथात आहे, पौलाच्या पत्रात आहे, पण जोसेफस तो एकदाही वापरत नाही. तो म्हणतो वाडवडिलांचे कायदे, पूर्वापार रिवाज. (नवे शब्द पाडायला तो घाबरत होता असंही नाही, थिओक्रसी, म्हणजे देवाची सत्ता, हा शब्द 'अपियनविरुद्ध' या आपल्या ग्रंथात त्यानेच पाडला आणि तसं म्हणूनही दाखवलं.) तेव्हा त्याच्या वाक्यात धर्म घुसडू नका, 'वाडवडिलांचे नियम' लिहा, मराठीत छान बसतं.

अजून एक. बाबिलोनच्या आधीच्या काळाबद्दल लिहिताना तो बहुतकरून इस्राएली नाहीतर इब्री (हिब्रू) म्हणतो, तिथे तुम्हीही तेच ठेवा, सगळीकडे यहुदी करून टाकू नका. आपल्या कोकणातल्या यहुदी मंडळींनीही स्वतःला बेने इस्राएल म्हणवलं, गावाने शनवार तेली म्हटलं, कारण शनिवारी घाणा बंद.

ज्यू चुकीचा नाही, पेपरात चालतोच, फक्त यहुदियाशेजारी ठेवला की तोच इंग्रजीतला घोळ मराठीत येतो. राहता राहिलं ऱ्हस्व-दीर्घ: मराठी बायबलात यहूदी असं दीर्घ दिसतं, पण शेवटचं अक्षर दीर्घ असलं की त्याआधीचा उकार ऱ्हस्व हा आपला नेहमीचा नियम लावला तर यहुदी. मी ऱ्हस्व लिहिते. यहुदियाचा राजा हेरोद याला त्याचा शत्रू अँटिगोनस 'हेमियुदाइओस' म्हणतो, तो शब्द तुमच्या उताऱ्यात आला तर सरळ 'अर्धा यहुदी' करा, टोमणा आहे, टोमण्यासारखाच वाचला पाहिजे.