आईला ॲलर्जीची सर्दी असेल तर मुलीलाही होणारच का? जीन टेस्ट करावी का?

होणारच असं नाही. शक्यता वाढते, आणि आईवडील दोघांनाही असेल तर जास्तच. पण तुम्ही फक्त आईचंच विचारलंत, ते मला खटकलं.

माझी लेक सकाळी उठली की शिंकत सुटायची. तळहातानं नाक वर चोळून चोळून नाकावर आडवी रेघ उमटली होती. मला हाच त्रास कॉलेजपासून, त्यामुळे घरात निकाल ठरलेला. सासूबाई आल्यागेल्यासमोर म्हणायच्या, "काहून शिंकते एवढी? मायच्या घरचं नाक घेतलं हिनं." आणि मामंजींचा दमा? नणंदेच्या कोपरात दर हिवाळ्यात फुटणारं इसब? ते कुणी धरतच नव्हतं. दमा, इसब आणि ही सर्दी ही सख्खी भावंडं आहेत, तिघांमागची बरीच जनुकं सामायिक आहेत. म्हणजे सासरकडूनही तिला मिळालेलं असू शकतं. हे मी तेव्हाही सांगितलं, आजही सांगते.

शेवटी नागपूरला धंतोलीत त्वचेची ॲलर्जी चाचणी केली. हातावर पेनानं खुणा, प्रत्येक खुणेवर एक थेंब आणि बारीक टोच. पंधरा-वीस मिनिटांत तीन ठिकाणी लाल गांधी: धुळीतले सूक्ष्म कीटक, बुरशी, गाजर गवत. पहिल्या दोघांचं घर आमच्याच बेडरूममध्ये होतं. कूलरच्या ताट्या दोन-दोन उन्हाळे तशाच, काळपट, सुरू केला की कुबट वास. "चांगल्या तर आहेत" म्हणून कुणी बदलू देत नव्हतं. मी बदलल्या, गाद्या उन्हात टाकल्या, डॉक्टरांनी दिलेला नाकातला स्प्रे नियमित सुरू ठेवला. नाक तेच, जनुकं तीच, सकाळच्या शिंका मात्र खूप कमी झाल्या.

जीन टेस्टवर पैसे घालू नका. 2018 मध्ये दोन लाखांहून जास्त लोकांच्या अभ्यासात या सर्दीशी जोडलेल्या 41 जागा जनुकसंचात सापडल्या, एकेकीचा वाटा अगदी थोडा. शिवाय ते सगळे युरोपीय वंशाचे, आपल्याला ते आकडे जसेच्या तसे कसे लावणार? हुबेहूब दिसणाऱ्या (एकाच बीजांडातून झालेल्या) जुळ्या भावंडांची जनुकं सारखी असूनही एकाला त्रास आणि दुसऱ्याला नाही, असंही होतं.

त्यापेक्षा नवऱ्याकडच्या लोकांचा दमा-इसब नीट विचारून घ्या आणि डॉक्टरांना सांगा. मुलगी किती लहान आहे त्यावर चाचणी कधी करायची ते तेच ठरवतील. चाचणीआधी ॲलर्जीच्या गोळ्या काही दिवस बंद ठेवाव्या लागतात, तेही त्यांना विचारूनच. आणि छातीतून शिट्टीसारखा आवाज येत असेल तर यातलं काही वाचत बसू नका, आधी दाखवून या.