दिवाळीतला शाळू

प्रिय कथाकार,

अनेक आशीर्वाद.

तुझ्या तिन्ही कथा वाचल्या. पत्रात मला ‘सर’ म्हटलं आहेस, ते सोड. मी कुणाला शिकवलेलं नाही. २६ वर्षं एका छापखान्यात मुद्रितं तपासली, एवढंच. त्यामुळे काहीही वाचायला घेतलं की हात आपोआप लाल पेनाकडे जातो, त्याला इलाज नाही.

पहिल्या कथेतला सुतार झकास उतरलाय. बायकोशी तो जे तुटक बोलतो, ते तर फारच छान. पण दुसऱ्या पानावर ‘त्याने हत्यार उचललं आणि लाकडावर चालवायला सुरुवात केली’ हे वाक्य आलं आणि मी थांबलो. कुठलं हत्यार? रंधा असेल तर लाकडाचे गोल पापुद्रे निघतील. वाकस असेल तर ढलप्या उडतील, करवत असेल तर भुसा पडेल. रंधा मारताना माणूस अंगाने पुढे झुकतो. वाकस चालवणारा पुष्कळदा जमिनीवर बसून पायाने लाकूड दाबून धरतो. तुझ्या सुताराच्या हातात नुसतं ‘हत्यार’ आहे, म्हणून तो माझ्या डोळ्यांपुढे धड उभाही राहात नाही आणि बसतही नाही.

पत्रात तू तुझ्या वाचनाची यादी दिली आहेस. १७ पुस्तकं, आणि सगळ्या कथा-कादंबऱ्या. त्यांतल्या किती कादंबऱ्यांत सुतार आहे, ते बघ. माझा अंदाज, तुझं ते ‘हत्यार’ तिथूनच आलंय.

तुला हसतोय असं समजू नकोस. तिशीत असताना माझी एक कथा दिवाळी अंकात आली होती. शेतमजूर बाईची कथा, आणि खरं तर तिच्या हातांची कथा. दिवाळीच्या तोंडावर ती विळा घेऊन शाळू, म्हणजे रब्बीची ज्वारी, कापायला जाते, असं मी लिहिलं होतं. महिन्याभरात मंगळवेढ्याहून एका वाचकाचं पोस्टकार्ड आलं. ‘दिवाळीत आमचा शाळू गुडघ्याएवढा असतो, तुमच्या बाईने नेमकं काय कापलं? आणि आम्ही शाळू कापत नाही, उपटतो. बाकी कथा बरी आहे.’

‘बाकी कथा बरी आहे’ हे मला आठवडाभर टोचत राहिलं. महिना चुकला याचं दुःख थोडंच होतं. महिना काय, पुढच्या आवृत्तीत बदलता येतो (तशी ती आलीच नाही म्हणा). पण कथा तिच्या हातांची होती, आणि शाळू उपटून सोलवटलेले तळवे माझ्यासाठी तयार होते. मी मात्र तिच्या हातात विळा देऊन मोकळा झालो. हे मला कृषी विभागाच्या ‘शेतकरी’ मासिकातून कळलं असतं, एखाद्या बियाण्याच्या माहितीपत्रकातूनही कळलं असतं. तशी पत्रकं तर मीच तपासत होतो! फक्त ती पोटासाठी, आणि ‘वाचन’ म्हणून घरी आल्यावर कादंबरी.

त्या कार्डानंतर छापखान्यात येणारा कागद मी वेगळ्या नजरेने वाचायला लागलो. तू एकदा वर्तमानपत्रातली जाहीर नोटीस नीट वाच. ‘सदर मिळकतीवर कोणाचा गहाण, दान, बक्षीस, पोटगी, अन्नवस्त्र वगैरे हक्क असल्यास’ अशी ती चालते. वकिली भाषा म्हणून आपण पान उलटतो. पण त्यातल्या ‘अन्नवस्त्र’ या एका शब्दामागे कुठल्या तरी घरातली विधवा काकू बसलेली असते, जिला जमीन मिळालेली नाही, फक्त जेवण आणि लुगडं मिळालंय. ती मला कुठल्याच कादंबरीत भेटली नव्हती.

तुझ्या गावाच्या कथेसाठी ‘गावगाडा’ काढ. त्रिंबक नारायण आत्रे यांचं पुस्तक, १९१५चं. सरकारी नोकरीनिमित्त खेडोपाडी फिरलेल्या माणसाने गाव कसं चालतं ते लिहिलंय. काही ठिकाणी त्यांची मतं मला अजिबात पटत नाहीत, तुलाही पटणार नाहीत. वाचताना भांडत वाच. पण बलुतेदारांच्या थोरली, मधली, धाकटी अशा कासा असत, हे कळल्यावर मला तरी गाव गाईसारखं दिसायला लागलं, आणि तिच्या कासेला कोण आधी लागतं, कोण शेवटी, तेही. तुझ्या कथेतलं भांडण नेमकं हेच आहे, आणि तू ते ‘अन्याय’ या एका शब्दात उरकलंयस.

दुसरं, ‘माझा प्रवास’. वरसईचे विष्णुभट गोडसे कर्ज फिटेल म्हणून उत्तरेत यज्ञाची दक्षिणा मिळवायला निघाले आणि १८५७च्या धामधुमीत सापडले. पुस्तक छापून आलं ते थेट १९०७ साली. झाशी पडताना हा माणूस आत होता. त्या कत्तलीत त्याला जिवाची भीती आहे, तहान आहे, आणि जवळच्या पैशांचीही काळजी आहे. आपल्यापैकी कुणी लिहिलं असतं तर पैशांची काळजी खोडून टाकली असती. शोभत नाही म्हणून. तुझ्या तिसऱ्या कथेत आजोबांच्या अंत्ययात्रेला एकाही माणसाला चहा प्यावासा वाटत नाही, ते याच कारणाने खोटं वाटतं.

आणि मोल्सवर्थचा कोश. १८५७ची दुसरी आवृत्ती, तिचीच पुनर्मुद्रणं मिळतात. अर्थ इंग्रजीत आहेत, त्याने बिचकू नकोस. शब्द शोधायला उघडू नकोस, रात्री दोन पानं अशीच चाळ. मात्र सापडलेला शब्द दुसऱ्या दिवशी कथेत कोंबायचा नाही. मी कोंबायचो, आणि नवी चप्पल घातल्यासारखी ती वाक्यं कर्र कर्र वाजायची.

‘दुसऱ्यांचं फार वाचलं तर माझी शैली बिघडेल’ असं तू लिहिलंयस. दुसऱ्या कथेत एका मोठ्या लेखकाची चाल मला पहिल्याच परिच्छेदात ऐकू आली. नाव सांगत नाही, तुला माहीत आहे. ते फार वाचल्याने झालेलं नाही. एकालाच वाचल्याने झालंय. कविता, हिंदी, अनुवाद, जे मिळेल ते वाच. पाककृतींची पुस्तकंसुद्धा, कारण तुझ्या कथांमध्ये सगळे नुसते ‘जेवतात’.

कथा परत पाठवतोय. लाल खुणा मोजू नकोस, त्यांतल्या निम्म्या ऱ्हस्व-दीर्घाच्या आहेत. सुताराची कथा पुन्हा लिहिलीस तर आधी तीच पाठव. सोबत ते मंगळवेढ्याचं पोस्टकार्ड ठेवलंय. झेरॉक्स काढून परत कर, माझ्याकडे तेवढं एकच आहे.

तुझा,
मुद्रितशोधक काका