स्पॅनिशमधील आत्मवाचक क्रियापद भूतकाळात कसे चालवावे?

'लेबान्तार्से' म्हणजे उठणे. ते भूतकाळात चालवताना शेवटच्या 'से'चे काय करावे, असे आपण विचारले आहे. तो 'से' सुटा करून क्रियापदाच्या आधी आणावा, कर्त्याप्रमाणे बदलावा आणि उरलेले 'लेबान्तार' नेहमीच्या 'आर'कारान्त क्रियापदासारखे चालवावे: मे लेबान्ते (मी उठलो), ते लेबान्तास्ते (तू उठलास), से लेबान्तो (तो उठला, ती उठली), नोस लेबान्तामोस (आम्ही उठलो), से लेबान्तारोन (ते उठले). स्पेनमध्ये 'तुम्ही'साठी 'ओस लेबान्तास्तेइस' हेही रूप आहे. 'लेबान्तो'च्या शेवटच्या अक्षरावर जोर द्यावा आणि लिहिताना त्यावरची तिरकी रेघ गाळू नये, कारण रेघेवाचून तेच रूप 'मी'चा वर्तमानकाळ ठरते.

'से' म्हणजे 'स्वतःला' हे समीकरण मीही प्रथम पाठ केले होते, पण त्याने फारसे साधत नाही. त्यापेक्षा आपल्या 'उठणे' आणि 'उठवणे' या जोडीकडे पाहावे. 'मे देस्पेर्ते' म्हणजे मी जागा झालो, तर 'देस्पेर्ते आ मी इखो' म्हणजे मी मुलाला जागे केले. 'दोर्मी ओचो ओरास' म्हणजे मी आठ तास झोपलो. 'मे दोर्मी' म्हणजे मात्र मला झोप लागली. (तृतीय पुरुषी 'से दुर्मियो' होते, 'दोर्मियो' नव्हे, ही चूक मी कितीतरी दिवस करीत असे.)

मराठी माणसाची खरी फसगत कर्मापाशी होते. 'मी हात धुतले' यात 'धुतले' हे रूप हातांप्रमाणे चालते, परंतु 'मे लाबे लास मानोस' मधील 'लाबे' केवळ 'मी'ला बांधलेले आहे, हात एक असो वा दोन. 'माझे हात' म्हणण्याची गरज मात्र दोन्ही भाषांना वाटत नाही. उलट 'माझ्या हातून पेला पडला' याला स्पॅनिशमध्ये 'से मे कायो एल बासो' म्हणतात आणि किल्ल्या पडल्या तर 'से मे कायेरोन लास याबेस'. येथे क्रियापद पडलेल्या वस्तूप्रमाणे, अगदी मराठीसारखे, बदलते.

रोजची सवय सांगायची असेल तर 'मे लेबान्ताबा' (मी उठत असे) वापरावे. 'मी उठलो आहे' यासाठी 'मे ए लेबान्तादो' म्हणावे. त्यातील 'मे' सर्वांत आधी येतो, 'ए' आणि 'लेबान्तादो' यांच्यामध्ये कधीही नाही.