हातात काय होतं?

चिरंजीव,

अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र तीनदा वाचलं. सोबतचा तक्ताही पाहिला. फुटबॉलमधल्या वेगवेगळ्या काळातल्या थोर खेळाडूंची आणि मॅनेजरांची चाळीस नावं, अकरा रकाने आणि शेवटी प्रत्येकाला शंभरापैकी गुण. मेहनत दिसते. पण मी उत्तर लिहायला बसलो ते शेवटच्या पानावर बारीक अक्षरात लिहिलेल्या चार ओळींमुळे. २५ नोव्हेंबर १९५३ ची वेम्बलीवरची इंग्लंड-हंगेरी लढत तू पहिल्यांदा पाहिलीस. लहानपणापासून तिच्याबद्दल ऐकत आलास आणि प्रत्यक्षात ती तुला संथ वाटली. ‘हंगेरीच्या पुश्काशला एवढी मोकळी जागा आज कोण देईल?’ असं मनात आलं, आणि असं मनात आलं म्हणून अपराधी वाटलं. आता चाळीस नावांच्या त्या यादीवरचा तुझा विश्वासच उडाला आहे.

अपराधी वाटून घेऊ नकोस. तुला जे दिसलं ते खरं आहे. त्या सामन्यात मोकळी जागा होतीच. पण ती कुठून आली, हे तू विचारलं नाहीस.

इंग्लंडचा सेंटर-हाफ, म्हणजे मधला बचावपटू, हॅरी जॉन्स्टन याला आयुष्यभर एकच गोष्ट शिकवली होती: समोरच्या नऊ नंबरला, म्हणजे मधल्या आघाडीपटूला, सोडायचं नाही. हंगेरीचा नऊ नंबर हिडेगकुटी पुढे थांबलाच नाही, मागे मधल्या फळीत जाऊन उभा राहिला. जॉन्स्टन त्याच्यामागे गेला की मधोमध खिंडार पडायचं, जागेवर थांबला की हिडेगकुटी मोकळा. पहिल्याच मिनिटात गोल झाला. शेवटी ६-३, त्यातले तीन हिडेगकुटीचे. तोवर ब्रिटिश बेटांबाहेरच्या कुठल्याही संघाला इंग्लंडला त्याच्या मैदानावर हरवता आलं नव्हतं. तुला दिसलेली मोकळी जागा हंगेरीनं डोकं लढवून तयार केली होती. आज ती मिळत नाही, कारण त्या दुपारनंतर सगळं जग ती बुजवायला शिकलं. म्हणजे तू चोराला पकडायच्या युक्तीवरून पहिल्या चोराला बावळट ठरवतो आहेस.

आता वेगाचं. पाणी पिऊन जड होणारा चामड्याचा चेंडू, इंग्लंडच्या खेळाडूंचे घोट्याच्या वर येणारे बूट, नोव्हेंबरातलं ओलं मैदान. बदली खेळाडू घ्यायची सोय स्पर्धात्मक सामन्यांत नव्हती, म्हणजे नव्वद मिनिटं त्याच अकरा जणांनी काढायची. एखाद्याचा पाय मुरगळला तर त्याला विंगवर उभं करायचं आणि दहा जणांनी खेळायचं. १९६६ च्या विश्वचषकात पोर्तुगालनं पेलेला लाथाडलं तेव्हा तो लंगडत मैदानातच राहिला, कारण त्याच्या जागी कुणाला घेता येत नव्हतं. विश्वचषकात बदली खेळाडू आणि लाल-पिवळी कार्डं आली ती १९७० साली. आज पाच बदली मिळतात. शेवटची तीस मिनिटं ताज्या पायांनी खेळली जातात, आणि तू दोन्ही काळांतले ‘सामने’ एकाच रकान्यात मोजतोस.

कुणालाही तोलण्याआधी एवढंच विचारायचं: मैदानात उतरताना त्याच्या हातात काय होतं? इतर सगळे प्रश्न त्यानंतर. मी चाळीस वर्षं हेच सांगत आलो, आणि तुलाही या पत्रात पुन्हापुन्हा सांगणार आहे. कंटाळा आला तरी वाच.

तुझा सगळ्यात लाडका रकाना घे, प्रति सामना गोल. एव्हर्टनच्या डिक्सी डीननं १९२७-२८ मध्ये ३९ लीग सामन्यांत ६० गोल केले. हालांडनं २०२२-२३ मध्ये ३६ केले. तुझ्या तक्त्यात डीन वर जातो आणि मग तूच अस्वस्थ होऊन ‘काळाचा गुणक’ म्हणून त्याचे वीस गुण कापतोस. वीसच का? पंचवीस का नाहीत? तुला माहीत नाही. १९२५ मध्ये ऑफसाइडचा नियम बदलला हे माहीत असतं, तर हा गुणक शोधावाच लागला नसता. आधी आक्रमक आणि गोलरेषा यांच्यामध्ये प्रतिस्पर्ध्याचे तीन खेळाडू लागत, नंतर दोन पुरेसे झाले. इंग्लंडच्या पहिल्या विभागात एका हंगामात ११९२ गोल झाले होते. नियम बदलल्यावर पुढच्याच हंगामात, तेवढ्याच सामन्यांत, १७०३. बचावपटू गोंधळलेले होते आणि तोवर मधल्या फळीत खेळणाऱ्या सेंटर-हाफला मागे ओढून तिसरा बचावपटू करायची आर्सेनलचा मॅनेजर चॅपमन याची युक्ती अजून सगळीकडे रुजली नव्हती. डीनला ते वारं मिळालं. पण ते सगळ्याच सेंटर-फॉरवर्डना मिळालं होतं ना? इंग्लंडमध्ये साठपर्यंत तो एकटाच गेला. याला म्हणतात मोजणं.

याच्या उलट मॅराडोना बघ. १९८७-८८ च्या हंगामात इटलीच्या लीगमध्ये तो सर्वाधिक गोल करणारा खेळाडू ठरला. किती गोल? पंधरा. मेसीनं २०११-१२ मध्ये स्पेनच्या लीगमध्ये ५० केले. पंधराला पन्नासशेजारी ठेवून तू मॅराडोनाला ‘गोल करण्यात मध्यम’ असं लिहिलंस, ते वाचून मी कागद बाजूला ठेवला आणि थोडा वेळ फिरून आलो. अरे, त्या वर्षी त्या देशात पंधराच्या पुढे कुणीच गेलं नाही! बचावपटू गोलरक्षकाकडे चेंडू मागे द्यायचा, गोलरक्षक तो हातात उचलायचा, आणि आघाडी घेतलेला संघ सामना असाच झोपवायचा. ही सोय १९९२ मध्ये बंद झाली. त्या हंगामाच्या चार वर्षं आधी, १९८३ मध्ये, मागून आलेल्या एका टॅकलनं मॅराडोनाचा घोटा मोडला होता. हॉलंडचा व्हॅन बास्टन तर घोट्यापायी अठ्ठाविसाव्या वर्षी शेवटचा सामना खेळला. मागून येणाऱ्या टॅकलवर पंचांनी खरी कडक नजर ठेवली ती नव्वदच्या दशकात. मेसीला ते संरक्षण मिळालं. त्यात त्याचा दोष नाही आणि त्याचा मोठेपणाही कमी होत नाही. त्याच्या काळातल्या शेकडो जणांना तेच संरक्षण होतं, पन्नास कुणाचे झाले?

आणि ‘बॅलन डी’ऑर’चा रकाना खोडून टाक. १९९५ च्या आधी वर्षातल्या सर्वोत्तम खेळाडूचा तो पुरस्कार फक्त युरोपीय खेळाडूंना द्यायचे. पेले आणि मॅराडोनाच्या नावापुढे शून्य लिहिताना तुझा हात थांबायला हवा होता.

लिली पारचं नाव तुझ्या यादीत नाही. असायला हवं असा माझा आग्रहही नाही, कारण तिला तोलायला आपल्याकडे पुरेसं काही उरलेलं नाही. पण कारण तरी माहीत असू दे. १९२० च्या डिसेंबरात गुडिसन पार्कवर तिच्या संघाचा सामना बघायला सुमारे ५३ हजार लोक आले होते. पुढच्याच वर्षी इंग्लंडच्या फुटबॉल असोसिएशननं आपल्या सदस्य क्लबांची मैदानं बायकांच्या फुटबॉलला बंद केली आणि ती बंदी जवळपास पन्नास वर्षं टिकली. हातातून मैदानच काढून घेतलं.

आता मॅनेजर. इथे तुझा तक्ता सगळ्यात जास्त चुकतो, आणि मीही इथेच चुकलो होतो.

वॉल्टर विंटरबॉटमला तू शंभरात एकोणीस गुण दिलेस. १९४६ ते १९६२, चार विश्वचषक, हाती काही नाही. बरोबर? पण तो संघ निवडतच नव्हता! संघ समिती निवडायची. आज कुठल्याही मॅनेजरला सांगून बघ, की अकरा नावं दुसरे ठरवतील आणि हरल्यावर उत्तर तू द्यायचं. त्याच्यानंतर आल्फ रॅम्सी आला तो संघ मीच निवडणार ही अट घालून, आणि १९६६ चा विश्वचषक जिंकला. हाच रॅम्सी १९५३ च्या त्या सामन्यात उजव्या बाजूचा बचावपटू होता. इंग्लंडचा तिसरा गोल त्याचाच, पेनल्टीवर. त्यानंतर तो इंग्लंडकडून पुन्हा खेळला नाही. तुला जो सामना संथ वाटला, तो या माणसानं आतून, चेंडूमागे धावत पाहिला होता.

तिकडे हंगेरीच्या शेबेशकडे बरंच काही होतं. क्लब सरकारच्या ताब्यात गेलेले, उत्तम खेळाडू सैन्याच्या होनवेद संघात एकत्र आणलेले, सरावाला हवा तेवढा वेळ. वेम्बलीच्या तयारीसाठी त्यानं इंग्रजी चेंडू मिळवून सराव करून घेतला. एवढं सगळं हाती असताना १९५४ चा अंतिम सामना, २-० अशी आघाडी घेऊन, तो ३-२ नं हरला. आणि तेही ज्या पश्चिम जर्मनीला गटात ८-३ नं हरवलं होतं तिच्याविरुद्ध. पुरत्या बऱ्या न झालेल्या पुश्काशला त्यानं खेळवलं. माझं तत्त्व ‘आपापल्या काळात सगळेच थोर’ असं म्हणून सगळ्यांना पाठीशी घालतं, असा तुझा आक्षेप आहे. मुळीच नाही. ते शेबेशलाही सोडत नाही. त्याच्या हातात जितकं जास्त होतं, तितका त्याला जाबही जास्त विचारायचा.

ब्रायन क्लफला मी कुणाहीपेक्षा वर मानतो, हे उघड सांगतो. तो आला तेव्हा नॉटिंगहॅम फॉरेस्ट दुसऱ्या विभागात होतं. १९७७ मध्ये ते वर आलं, १९७८ मध्ये लीग जिंकलं, १९७९ आणि १९८० मध्ये युरोपियन कप. अर्थात त्याच्या हाती काहीच नव्हतं ही दंतकथा मला मान्य नाही. १९७९ च्या अंतिम सामन्यातला एकमेव गोल करणारा ट्रेव्हर फ्रान्सिस हा दहा लाख पौंडांना घेतलेला पहिला ब्रिटिश खेळाडू होता, आणि खेळाडू पारखणारा पीटर टेलर क्लफच्या शेजारी बसत होता. हे सगळं धरूनही मी त्याला वर ठेवतो. आन्चेलॉत्तीकडे कायम महागडे संघ होते म्हणून तू त्याचे गुण कापलेस. पण तसे संघ आणखी डझनभर जणांना मिळाले, पाच चॅम्पियन्स लीग कुणाच्या झाल्या?

आता माझं ऐक. १९८६ मध्ये मी सत्तावीस वर्षांचा होतो आणि एका साप्ताहिकात लिहीत होतो. विश्वचषकात ब्राझील फ्रान्सकडून पेनल्टी शूटआउटमध्ये हरल्यावर मी ब्राझीलचा मॅनेजर टेले सांताना याच्यावर दोन पानं लिहिली. १९८२ ला इटलीकडून ३-२, आता हे. हा माणूस संघाला नाचायला शिकवतो, जिंकायला नाही, असं लिहिलं. लेख गाजला. लोक त्यातली वाक्यं मला म्हणून दाखवायचे. १९८२ च्या स्पर्धेआधी त्याचा हुकमी स्ट्रायकर करेका जखमी होऊन बाहेर गेला होता. हे मला माहीत होतं, आणि लेखाची धार जाईल म्हणून मी ते गाळलं. पुढे त्याच सांतानानं साओ पाउलोला १९९२ आणि १९९३ मध्ये सलग दोनदा दक्षिण अमेरिकेचा विजेता केलं. टोकियोत, क्लबांच्या आंतरखंडीय लढतीत, आधी क्रॉइफचं बार्सिलोना हरवलं, मग कपेलोचं मिलान. मी तेव्हाही लिहीत होतो. दुरुस्ती छापायला एक चौकट पुरली असती. लाज वाटली म्हणून छापली नाही. २००६ मध्ये सांताना गेला. माझा लेख त्याच्यापर्यंत कधीच पोचला नसणार, पण मला तो आजही पाठ आहे.

म्हणून शतक संपताना संपादकांनी ‘शतकातले सर्वोत्तम दहा मॅनेजर, क्रमवार’ मागितले तेव्हा मी नकार दिला. प्रत्येकावर लिहितो, पण आकडा घालणार नाही, असं म्हणालो. वाचकाला आकडा लागतो, असं उत्तर आलं. दोन महिन्यांत सदर बंद झालं. जवळच्या माणसांनीही मला हट्टी म्हटलं, काहींनी निर्णय घ्यायला घाबरतो असं म्हटलं. हे दुसरं मला फार लागलं. मी निर्णय घेतोच. आत्ताच क्लफला सगळ्यांत वर ठेवला ना? पण का, ते वाक्यात सांगता यायला हवं आणि त्या वाक्यात त्याच्या हातात काय होतं ते यायला हवं. नुसता ‘९४’ लिहिला की ते वाक्य लिहायची जबाबदारी टळते. ती मी एकदा टाळली होती आणि त्याची किंमत दुसऱ्याच्या नावानं चुकवली. पुन्हा तशी वेळ आली तरी सदर सोडीन, आकडा देणार नाही. कदाचित हे मी तुझ्यापेक्षा त्या संपादकांना सांगतो आहे. असू दे.

तक्ता फाडू नकोस. नावं ठेव, रकाने पुसून टाक आणि प्रत्येक नावापुढे तीन-चार ओळींची जागा सोड. नियम काय होते, संघ कोण निवडत होतं, पैसा किती होता, जखमी झाल्यावर काय व्हायचं, त्याच सोयी मिळालेल्या इतरांनी काय केलं, हे तिथे भर. चाळीस नावांना वर्ष लागेल. लागू दे, तुझं वय आहे.

पण त्याआधी वेम्बलीचा सामना पुन्हा लाव. या वेळी चेंडूकडे आणि पुश्काशकडे बघू नकोस. पहिला अर्धा तास फक्त जॉन्स्टनकडे बघ. तो कधी पुढे जातो, कधी थबकतो, कुठे मागे वळून बघतो, सगळं टिपून ठेव आणि मला कळव.

तुझा,
काका