गोळी बंद करू का, डॉक्टर?

प्रश्न : निफाड तालुक्यात आमची द्राक्षबाग आहे. वय 41. झोप उडाली, कशातच जीव रमेना, म्हणून नाशिकला मानसोपचार डॉक्टरांना दाखवलं. एस्सिटॅलोप्रॅम 10 ची गोळी आणि रात्रीसाठी एक छोटी गोळी दिली. दोन आठवडे झाले. सकाळी मळमळतं, दुपारी झापड येते, मन मात्र आहे तिथेच. नवरा-बायकोतलीही एक अडचण आहे, लिहायला संकोच वाटतो. मेव्हणे म्हणतात, या गोळ्यांची सवय लागते, टाकून दे. ऑक्टोबर छाटणी तोंडावर आली आहे. गोळी बंद करू का?

उत्तर : परस्पर बंद करू नका. ज्यांनी गोळी दिली त्यांना आधी फोन करा, हे सगळं जसं मला लिहिलंत तसंच सांगा.

एस्सिटॅलोप्रॅम हे नैराश्यावरचं औषध. त्याचं दुखणं असं की त्रास आधी येतो आणि गुण मागाहून. ते सेरोटोनिन या रसायनावर काम करतं, आणि शरीरातलं बहुतेक सेरोटोनिन आतड्यांत असतं, म्हणून पहिली कुरकुर पोट करतं. ही मळमळ बहुतेकांची दोन-तीन आठवड्यांत ओसरते. कोऱ्या चहावर गोळी गिळत असाल तर आधी भाकरी खा, मग घ्या. मन हलकं व्हायला साधारण दोन ते चार आठवडे लागतात, आणि औषध लागू पडतंय की नाही हे सहा-आठ आठवड्यांशिवाय नीट कळत नाही. तुम्ही नेमके मधल्या वाईट पट्ट्यात आहात. झापड कशाने येते ते डॉक्टरांना विचारा. गोळीची वेळ बदलूनही पुष्कळदा भागतं. तोवर पेंग येत असताना ट्रॅक्टरवर बसू नका.

आता मेव्हण्यांचं. रात्रीची ती छोटी गोळी झोपेची असेल, अल्प्राझोलामसारखी, तर तिची सवय लागू शकते. म्हणूनच ती थोडे दिवसच देतात. एस्सिटॅलोप्रॅमची तशी ओढ लागत नाही, डोस वाढवत न्यावासा वाटत नाही. लोक दोन्ही पाकिटं एकाच पिशवीत ठेवतात आणि एकीचा दोष दुसरीच्या माथी मारतात. कुठली गोळी किती दिवस, हे चिठ्ठीवर लिहूनच घ्या. मात्र काही आठवडे घेतल्यावर एस्सिटॅलोप्रॅमही एकदम सोडली तर चक्कर, चिडचिड, डोक्यात करंट लागल्यासारखं होतं. ती पायरीपायरीने उतरवायची असते. पहिल्यांदाच आजार झाला असेल तर पूर्ण बरं वाटल्यावरही निदान सहा ते नऊ महिने गोळी चालू ठेवायची असते. ‘बरं वाटलं, सोडली’ म्हणणारे पुन्हा येतात, आणि तेव्हा गाडीभाडंही दुप्पट होतं.

संकोचाचं बोलते. इच्छा कमी होणं, वेळ लागणं हा या गोळ्यांचा नेहमीचा परिणाम आहे, आणि मळमळीसारखा तो आपोआप जाईलच असं नाही. नैराश्यातही हेच होतं, म्हणून गोळीआधी कसं होतं तेही सांगा. डोस कमी करता येतो, औषध बदलता येतं. बुप्रोपिऑन, मिर्टाझापिन या नैराश्यावरच्या दुसऱ्या औषधांनी हा त्रास कमी प्रमाणात होतो. पुरुष हे शेवटपर्यंत बोलत नाहीत आणि गुपचूप गोळी सोडतात. मेडिकलमधून स्वतःच्या मनाने ताकदीची गोळी मात्र आणू नका.

छाटणीत कंबर धरली की आपल्याकडे हात आधी डायक्लोफेनॅक या दुखण्यावरच्या गोळीकडे जातो. या औषधासोबत तिने पोटात रक्तस्रावाचा धोका वाढतो. ट्रॅमाडॉल ही दुखण्यावरची दुसरी गोळीही विचारल्याशिवाय नको. दारूही नको.

एका जागी बसवेना इतकी तगमग, झोप न घेताही अंगात भलताच जोर, किंवा जगणं नको असे विचार, यातलं काही झालं तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा. रात्री-अपरात्री 14416 या टेलिमानसच्या (सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइन) नंबरवर मराठीतून बोलता येतं, पैसे पडत नाहीत. आणि फवारणीची औषधं सध्या कुलपात राहू द्या, किल्ली घरातल्या दुसऱ्या कुणाकडे.