पुनर्जन्म, पुनरुत्थान की आणखी काही?

प्रश्न असा आला आहे: यहुदी शिकवणुकीवरच्या एका लेखाचं मराठी करताना 'तेहियत हामेतीम' (मेलेल्यांचं पुन्हा जिवंत होणं) या हिब्रू शब्दजोडीला काय म्हणावं? प्रश्नकर्त्याने मसुद्यात 'पुनर्जन्माची आध्यात्मिक तयारी' असं लिहिलं होतं आणि ते त्यालाच खटकलं.

खटकायलाच हवं होतं. पुनर्जन्मात जीव जुनं शरीर टाकून नव्या शरीरात जातो. इथे कल्पना उलटी आहे. तोच माणूस, त्याच देहासह, काळाच्या शेवटी एकदाच जिवंत होणार. आपल्या पुनर्जन्मासारख्या कल्पनेला हिब्रूत वेगळा शब्द आहे, 'गिलगुल', म्हणजे गडगडत, फिरत जाणं. तो कब्बालाच्या गूढपरंपरेत रुजला. ज्या भाषेने दोन कल्पनांना दोन शब्द दिले, तिचं मराठी करताना दोन्ही एका शब्दात कोंबू नयेत.

मग 'पुनरुत्थान'? शब्द चांगला आहे आणि ख्रिस्ती बायबलच्या मराठी अनुवादांमुळे रुळलेलाही आहे. पण तो कोणत्या शब्दाची सावली आहे ते पाहा. नव्या कराराच्या ग्रीकमध्ये 'अनास्तासिस' आहे, म्हणजे उठून उभं राहणं. त्यातलं 'स्ता' आणि आपल्या उत्थानातलं 'स्था' मुळात एकच, आणि आपलं रोजचं 'उठणे'ही त्याच घरातलं. हिब्रू 'तेहिया' मात्र 'जगणे' या धातूवरून येतो (त्यातला 'ह' घशातून, ख आणि ह यांच्या मधला). 'मेतीम' म्हणजे मेलेले. म्हणजे भर उठण्यावर नाही, जिवंत करण्यावर आहे. उठण्याची भाषा हिब्रूला परकी आहे असं मात्र नाही. हिब्रू बायबलच्या यशया 26:19 मध्ये प्रेतं उठतात, दानीएल 12:2 मध्ये धुळीत झोपलेले जागे होतात. पण रूढ झालेली संज्ञा 'जगण्या'ची.

ती रोज कानावर पडते ती 'अमिदा' या उभ्याने म्हणायच्या प्रार्थनेत. तिच्या दुसऱ्या आशीर्वचनात देव 'मेहाये मेतीम', म्हणजे मेलेल्यांना जिवंत करणारा आहे. त्याच्या लगेच आधी येतं की तो जिवंतांना दयेने पोसतो. हिवाळ्यात याच आशीर्वचनात वारा आणि पाऊस देणाऱ्याचा उल्लेख घालतात, कारण इस्रायलच्या भूमीत पाऊस हिवाळ्यात पडतो. पोसणं, पाऊस आणि मेलेल्यांना जिवंत करणं, तिन्ही एका दमात. मराठीत याला जवळचं क्रियापद 'जगवणे'. दुष्काळात गुरं जगवली, पाण्याविना रोपं जगवली, असं आपण म्हणतो. 'मेलेल्यांना जगवणारा' हे वाचताना किंचित अडखळायला होतं, हे मान्य. म्हणून प्रार्थनेच्या ओळीत मी 'जगवणारा' ठेवेन आणि गद्यात सरळ 'मृतांना जिवंत करणे' लिहीन. 'संजीवन' अर्थाने फार जवळचा, पण आपल्याकडे तो शब्द उच्चारला की आळंदीची समाधी आठवते. तिथे अर्थच फिरतो.

आता 'आध्यात्मिक तयारी'. हा शब्दप्रयोग मला शिबिराच्या पत्रकातला वाटतो. मूळ वचन बघा. मिश्ना हा रब्बींच्या, म्हणजे यहुदी धर्मपंडितांच्या, तोंडी परंपरेचा जुना संग्रह. त्याच्या 'अवोत' या भागात (4:16) रब्बी याकोव म्हणतात की हे जग येणाऱ्या जगापुढचा 'प्रोज्दोर' आहे. प्रोज्दोरात 'हत्केन अत्स्मेखा' (स्वतःला ठाकठीक कर), तर मग 'त्राक्लीना'त जाता येईल. दोन्ही नामं ग्रीकमधून उसनी. प्रोज्दोर म्हणजे दारापुढची जागा, आपली पडवी. त्राक्लीन म्हणजे मेजवानीचं दालन. 'हत्केन'चा धातू नीट करणे, ठाकठीक करणे या अर्थाचा. म्हणजे हे घरातलं साधं मराठी झालं: 'पडवीत आवरून घे, म्हणजे आत पंगतीला जाता येईल.' ('येणारं जग' आणि मृतांचं जिवंत होणं एकच की वेगळं, यावर मायमोनिदीस आणि नहमानिदीस या मध्ययुगीन यहुदी पंडितांचं जमलं नाही. त्या वादात इथे शिरत नाही.)

'आवरणे' किती चपखल बसतं ते तालमूद या मिश्नावरच्या चर्चांच्या ग्रंथातल्या एका दृष्टांतात दिसतं. राजाने सेवकांना जेवायला बोलावलं, पण वेळ सांगितली नाही. शहाणे आवरून राजवाड्याच्या दाराशी बसले. बाकीचे 'स्वयंपाकाला वेळ लागतोच की' म्हणत कामाला गेले आणि अचानक बोलावणं आल्यावर मळक्या कपड्यांनी आत आले. हा दृष्टांत येतो तो रब्बी एलिएझरच्या वचनापाठोपाठ: मरणाच्या एक दिवस आधी 'तेशुवा' कर. शिष्य विचारतात, मरणाचा दिवस कुणाला ठाऊक असतो? म्हणूनच आज कर, हे उत्तर. तेशुवाला सगळे 'पश्चात्ताप' लिहितात. पण पश्चात्ताप म्हणजे मागाहून होणारी जळजळ, आणि तेशुवा म्हणजे परतणं. मी 'मागे फिरणे' लिहीन.

तयारीच्या पायऱ्याही दिल्या आहेत. मिश्नातच (सोता 9:15) रब्बी पिनहास बेन याईरची साखळी आहे: तत्परतेतून स्वच्छता, पुढे शुद्धता, संयम, पावित्र्य, नम्रता, पापाची भीती, भक्ती, पवित्र आत्मा आणि त्यातून मृतांचं जिवंत होणं. ते घडतं एलियाहू या संदेष्ट्याच्या हातून. सुरुवात तत्परतेने, म्हणजे पुन्हा आवरण्यानेच. कोकणातल्या बेने इस्रायलींच्या, म्हणजे मराठी यहुद्यांच्या, घरी मलिद्याच्या विधीत ज्या एलियाहू हन्नबीचं नाव घेतात, तोच हा. या समाजाने हिब्रूशेजारी मराठी छापलेली हगादा (वल्हांडण सणाच्या रात्री वाचायची पोथी) 1874 मध्ये पुण्यात निघाली होती. तेव्हा अशा शब्दांना मराठी शोधण्याची खटपट आपल्या भाषेला नवी नाही.

एक रोजचा वापर राहिला. तालमूद सांगतो की मित्र बारा महिन्यांनी भेटला तर मृतांना जिवंत करणाऱ्याचा धन्यवाद म्हणावा. वर्षभर फोन न केलेला मित्र समोर आला की आपण 'अरे, जिवंत आहेस?' म्हणतो. तेवढी ओळ अनुवादात घालायला माझी हरकत नाही, पण संपादक बहुधा काढून टाकतील.